चित्रप्रक्रियक व महासंगणक

व्हिडिओ खेळांत पडद्यावरील लक्षावधी बिंदूंचे रंग दर सेकंदाला अनेकदा ठरवावे लागतात. त्यासाठी एकाच प्रकारची असंख्य गणिते समांतरपणे करणारा चित्रप्रक्रियक विकसित झाला व खेळांच्या विस्तृत बाजारपेठेमुळे त्याची क्षमता झपाट्याने वाढली. एन्व्हिडिया या अमेरिकन कंपनीने २००६ मध्ये जाहीर केलेल्या ‘कूडा’ प्रणालीमुळे त्याचा वैज्ञानिक गणनासाठी वापर सुलभ झाला. महाराष्ट्रात हे स्थित्यंतर स्पष्ट दिसते. नागपूरच्या विश्वेश्वरय्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या सी-डॅक संस्थेने १९९१ मध्ये उभारलेल्या ‘परम ८०००’ मध्ये समांतर गणनासाठीच बनविलेले ट्रान्सप्यूटर होते. तर नोव्हेंबर २०२० मध्ये जागतिक सूचीत ६३ वे स्थान मिळविणाऱ्या ‘परम सिद्धी-एआय’ची मदार चित्रप्रक्रियकांच्या वंशातील प्रक्रियकांवर होती. मात्र दोन्ही यंत्रांतील प्रक्रियक परदेशी बनावटीचेच होते.