५ गॅलन, पण कुणाचे?

अमेरिकेत १९७८ साली अध्यक्ष कार्टर यांनी कायद्यावर सही केली आणि घरी बिअर बनवण्यावरची केंद्राची बंदी उठली. पुढे हौशी मंडळींनी थंड पाण्याचा कूलर (लग्नात असतो तसा नळवाला जार, आपला पंखेवाला नव्हे) उलट्या कामाला लावला: मोड आणून वाळवलेले, भरडलेले जव ६५-६८ अंशांच्या पाण्यात तासभर गरम ठेवायला. हाच त्यांचा मॅश टन.

आता कृतीत ‘५ गॅलन’ दिसलं की थांबा. कूलर ५ गॅलनचा की तयार बिअर? मी पहिल्या मसुद्यात दोन्ही एकच धरले होते! मग हिशोब मांडला. किलोभर जवाला साधारण २.६ लिटर पाणी, दोन्ही मिळून सव्वातीन लिटर जागा. म्हणजे १९ लिटरच्या कूलरमध्ये जेमतेम साडेपाच किलो. नेहमीच्या १९ लिटर बिअरला तेवढं पुरतं. पण कडक बार्लीवाइनला आठेक किलो लागले, तर १० गॅलनचाच कूलर हवा. उलट, मोठ्यात थोडंच धान्य घातलं तर थर पातळ होतो, ऊबही लवकर जाते.

कृती ब्रिटिश असेल तर गॅलनच मोठा, ५ चे जवळपास २३ लिटर. तिथे तर १९६३ पासूनच घरगुती बिअरला परवाना लागत नाही. तेव्हा टिपणात आकड्याशेजारी देश आणि भांडं दोन्ही लिहा. मी माझ्या जुन्या वह्या परत तपासतोय.