कामगारांचे शिक्षण : औदार्य की हक्क?

वर्तकनगराशेजारील जेकेग्राम येथे रेमंडची गिरणी होती. तेथेच १९६९ साली रेमंड समूहाने सुलोचनादेवी सिंघानिया विद्यालय स्थापिले. २००९ साली गिरणी बंद झाली; विद्यालय टिकले. तथापि असे शैक्षणिक साहाय्य मालकाच्या इच्छेवरच अवलंबून असते. त्यास कायद्याचे अधिष्ठान देण्याचा यत्न १९५३ च्या मुंबई कामगार कल्याण निधी अधिनियमाने केला. कामगारांकडून घेतलेले दंड व त्यांचे अदत्त वेतन यांतून वाचनालये व समाजशिक्षण केंद्रे चालवावीत, अशी त्याची योजना होती. अदत्त वेतनाविषयीची तरतूद सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये अवैध ठरविली. परंतु निधी टिकला. आज कामगार, मालक व शासन या तिघांच्या वर्गणीतून कामगारांच्या पाल्यांस शिष्यवृत्त्या मिळतात. त्या निधीत कामगाराचाही वाटा असल्याने शिष्यवृत्तीस दान म्हणता येत नाही.