देवीच्या हातातलं महाळुंग

कोल्हापूरच्या अंबाबाईचं, म्हणजे महालक्ष्मीचं, दर्शन आपल्याला घडतं ते भरजरी साडीतलं. तिच्या चार हातांत काय आहे, हे त्या साजात सहसा दिसत नाही. उजवीकडे वर गदा, डावीकडे ढाल आणि पानपात्र. उजव्या खालच्या हातात मात्र एक फळ आहे. लक्ष्मी म्हटलं की आपल्याला कमळ आठवतं. इथे हे फळ कसं आलं?

फळ महाळुंगाचं. संस्कृतात मातुलुंग किंवा मातुलिंग, प्राकृतात माउलुंग, आपल्या तोंडी महाळुंग. लिंबाच्या गोतातलं, जाड सालीचं. त्याचं दुसरं संस्कृत नाव बीजपूर, म्हणजे बियांनी भरलेलं.

दुर्गासप्तशतीला जोडून वाचतात त्या प्राधानिक रहस्यात हीच चार आयुधं घेतलेली महालक्ष्मी येते, आणि ती विष्णूची पत्नी नाही. ती सगळ्यांच्या आधीची. सगळं शून्य होतं, ते तिने आपल्या तेजाने भरलं. तमोगुणातून महाकाली केली, सत्त्वातून महासरस्वती; मग तिघींनी एकेक जोडी जन्माला घातली. ब्रह्मदेव आणि श्री ही हिची लेकरं. ही श्री पुढे विष्णूला दिली, ब्रह्मदेवाला सरस्वती. ब्रह्मदेव आणि सरस्वती या दोघांनी ब्रह्मांड रचलं. ज्याला आपण सृष्टीचा कर्ता म्हणतो, त्याची ही आई!

ग्वाटेमालातल्या किचे माया लोकांच्या पोपोल वूह ग्रंथात श्पियाकोक आणि श्मुकाने हे आदिम आजा-आजी आहेत. त्यातली आजी पिवळा-पांढरा मका नऊ वेळा दळते आणि त्या पिठातून माणूस घडतो. तिकडे मका, इकडे महाळुंग. निर्मितीची गोष्ट धान्या-बियांपाशी यावी, हे मला फार खरं वाटतं.

कोल्हापूरच्या देवीला तिरुपतीहून नवरात्रात शालू येतो, रुसून आलेल्या विष्णुपत्नीची कथा लोक प्रेमाने सांगतात. तीही श्रद्धाच. पण देवळाची मांडणी जुन्या आईची आहे: मधे महालक्ष्मी, दोन बाजूंना महाकाली आणि महासरस्वती. धामधुमीच्या काळात मूर्ती पुजाऱ्याच्या घरी लपवली होती. १७१५ च्या विजयादशमीला ती पुन्हा बसली, फळासकट.

रहस्यातल्या देवीच्या मस्तकावर नाग, लिंग आणि योनी आहेत. इथे मूर्तीच्या मस्तकावर नाग आहे, आणि गाभाऱ्याच्या बरोबर वरच्या मजल्यावर शिवलिंग. त्याचं नाव मातुलिंग.