आठ महिन्यांची भिंत

पाऊस लागला की कोल्हापूरच्या पेपरात एक बातमी ठरलेली असते : राजाराम बंधारा पाण्याखाली. परगावच्या माणसाला वाटतं, काहीतरी बुडालं. इथला वाचक नुसता आकडा बघतो, पाणी किती फुटांवर आलं. बंधारा पाण्याखाली जायचाच. तो बांधलाच तसा आहे.

पावसाळा सरला की नदीत दगड, माती, झाडोरा टाकून कच्चा बांध घालायचा आणि जूनच्या पहिल्या लोंढ्याला तो वाहून जाऊ द्यायचा, ही आपल्याकडची जुनी रीत. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा हे तिचंच पक्कं रूप. नदीत ओळीने दगडी खांब उभे करायचे, प्रत्येक खांबाला खाचा ठेवायच्या. पाऊस ओसरला की त्या खाचांत फळ्यांच्या दोन रांगा बसवायच्या, मधे माती ठासायची, की गाळे बंद. मे सरायच्या आत फळ्या काढायच्या. या फळ्यांना इथे बरगे म्हणतात. पूर्वी ते लाकडाचे असत, पुढे लोखंडी आले आणि त्यांच्याबरोबर बरगेचोरीच्या बातम्याही. उरलेले खांब पुरात बिनधास्त उभे राहतात. वरून पाणी जातं, खालून गाळ जातो. वरचा अरुंद रस्ता पलीकडच्या गावाला जायला उरलेलं वर्षभर उपयोगी.

हे तंत्र इथेच का रुजलं, याचं उत्तर पावसात आहे. गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. त्याच जिल्ह्यातल्या शिरोळला त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावतीचं पाणी घेऊन पंचगंगा जुलैत काठ सोडते आणि उन्हाळ्यात तळ दाखवते. शाहू महाराजांनी 1902 मध्ये संस्थानाचं पाटबंधारे धोरण आखलं आणि 1907 च्या सुमारास भोगावतीवर राधानगरीचं धरण हाती घेतलं. पैशाअभावी ते रखडलं, स्वातंत्र्यानंतर पुरं झालं. धरणाचं पाणी मग नदीच्याच पात्रातून खाली यायचं आणि बंधारे ते टप्प्याटप्प्याने अडवायचे. काठ उंच, पात्र खोल, म्हणून साठा पात्रातच मावतो. ना जमीन बुडते, ना गाव उठवावं लागतं. काठावर मोटार बसवली की पाणी उसात. सहकारी पाणीपुरवठा संस्था उभ्या राहिल्या त्या याच पाण्यावर.

कसबा बावड्याजवळच्या राजाराम बंधाऱ्याने तर शहराची मोजपट्टीच व्हायचं काम पत्करलं. 39 फूट म्हणजे इशारा, 43 फूट म्हणजे धोका. 2019 च्या पुरात पाणी 55 फुटांच्या वर गेलं, 2021 मध्ये त्याहूनही थोडं जास्त.

पुढे पाटबंधारे खात्याने हा नमुना राज्यभर नेला आणि कागदोपत्री तो ‘को. प. बंधारा’ झाला. मराठवाड्यात अनेक ठिकाणी तो फसला. माझ्या मते तिकडे खांब गेले, वेळापत्रक गेलं नाही. परतीचा पाऊस संपता संपता बरगे घालायचे असतात. उशीर झाला तर अडवायला पाणीच उरत नाही. आणि वर राधानगरीसारखं धरण नसेल तर एकदा उपसलेला बंधारा पुन्हा भरणार कशाने? आता मांजरा नदीवर बरग्यांच्या जागी उचलत्या दरवाजांचे बॅरेज आले आहेत.

कोल्हापुरात वेगळंच दुखणं. बरगे घातले की वाहती नदी तळ्यांची माळ होते. वाहत्या पाण्यात हवा मिसळत राहते, थांबलेल्या पाण्यात ती मिसळायची गती मंदावते. त्यात कोल्हापूरचं सांडपाणी आणि इचलकरंजीच्या कापड प्रक्रिया उद्योगांचं रंगीत पाणी येऊन पडतं. ही घाण कुजवताना जिवाणू पाण्यातला विरघळलेला प्राणवायू खातात. घाणीतल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर जलपर्णी पोसते, पृष्ठभाग झाकून टाकते आणि उरलीसुरली हवाही तोडते. शास्त्रज्ञ याला सुपोषण म्हणतात. नाव चांगलं वाटतं, पण माशांना ते जीवघेणं ठरतं. शिरोळ तालुक्यातल्या तेरवाड बंधाऱ्याला उन्हाळ्यात मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या बातम्या येतात त्या यामुळे. बरगे काढले तरी सुटका नाही, कारण साचलेलं काळं पाणी एकदम खालच्या बंधाऱ्यावर जातं.

जुन्या रचनेत चूक होती असं नाही. आठ महिने पाणी अडवायचं तर ते अडवण्याजोगं असायला हवं, एवढीच तिची अट होती, आणि ती शहराने मोडली. मासे मेले की ओरड होते, वरून पाणी सोडा. राधानगरीतून पाणी सुटतं, तेरवाडचा वास दोन दिवस कमी होतो, आणि ती घाण नृसिंहवाडीच्या संगमावरून कृष्णेत उतरते.