भट्टींतला लाजवर्द

कांच आणि रत्न शेजारीं आलीं कीं कांचेचा उपहास व्हावयाचा, हा आपल्या साहित्यांतील जुना संकेत. प्राचीन मिसर देशांत तो चालला नसता. हॉवर्ड कार्टर यानें १९२२ मध्यें शोधून काढलेल्या थडग्यांतील तूतांखामेन राजाचा सुवर्णमुखवटा पाहावा. त्यावरील भुवया लाजवर्दाच्या आहेत, पण शिरोवस्त्राचे निळे पट्टे मात्र कांचेचे! ज्याची सर्वांत आंतील शवपेटी ११० किलोग्रॅम सोन्याची, त्याला खडे परवडत नव्हते असें कोण म्हणेल?

खुलासा कांचेच्या दुर्मिळतेंत आहे. लाजवर्द दूर बदख्शानच्या खाणींतून येई. पण कांचहि त्या काळीं राजदरबाराच्या हातचीच वस्तु होती. ही कला मूळची मिसरची नव्हे. इ. स. पूर्वी पंधराव्या शतकांत, तिसऱ्या थुत्मोसच्या स्वाऱ्यांच्या सुमारास, ती पश्चिम आशियांतून नाईलकांठीं आली असावी. पुढें शंभर वर्षांनींहि फारोनें अस्कलोनचा मांडलिक यिदिया याजकडे कांच मागितल्याचा उल्लेख अमार्ना येथील पत्रांत आहे. मेसोपोटेमियाच्या भाषेंत खऱ्या लाजवर्दाला 'डोंगराचा' आणि निळ्या कांचेला 'भट्टीचा' लाजवर्द म्हणत. नकलेचा हिणकसपणा या नांवांत कोठेंच नाहीं.

भट्टीचें काम मात्र मोठें कष्टाचें. गारेची पूड व क्षारयुक्त वनस्पतींची राख एकत्र तापवीत; गडद निळ्या रंगासाठीं पश्चिमेकडील वाळवंटांतून कोबाल्टयुक्त तुरटी आणीत. कांतीर येथील अवशेषांवरून दिसतें कीं, हें मिश्रण प्रथम मडक्यांत अर्धवट वितळवून कुटीत, आणि मग रंग घालून मुशींत सुमारें १००० अंश उष्णतेवर पुन्हां तापवीत. मुशींतून निघालेल्या चकत्या कारागिरांकडे जात. मऊ झालेली कांच कारागीर कांबीभोंवतीं गुंडाळी. निवल्यावर कांब ओढून घेतली कीं मण्याला छिद्र आयतेंच! इ. स. पूर्वी १३०० च्या सुमारास तुर्कस्तानच्या किनाऱ्यालगत उलुबुरून येथें बुडालेलें एक जहाज १९८२ मध्यें सांपडलें. त्यांत अशा सुमारें १७५ चकत्या होत्या, आणि त्यांतील गडद निळ्या चकत्यांचे घटक मिसरी कांचेशीं जुळतात. कालचा याचक तोंवर दाता झाला होता.

तूतांखामेनच्या एका उरोभूषणांत मध्यभागीं पिवळसर हिरवा भुंगा आहे. कार्टरनें त्याला कॅल्सिडनीचा खडा मानलें. विसाव्या शतकाच्या अखेरीस तपासणींत तो कांचेचाच निघाला. परंतु ही कांच भट्टींतली नव्हती. सुमारें २ कोटी ९० लक्ष वर्षांपूर्वीं उल्केच्या आघातानें वाळू वितळून ती झाली असें मानतात, आणि मिसर व लिबिया यांच्या सीमेवरील वालुकासागरांत तिचे तुकडे आजहि पडलेले असतात. तेथून शेंकडों मैलांवर नाईलकांठच्या कारागिरानें त्यांतला एक घासून त्याला भुंग्याचें रूप दिलें, आणि राजाच्या छातीवर सोन्यांत बसविलें.