महत्त्वदर्शन, नागपुरी बोलीतील

एखादी गोष्ट महत्त्वाची किंवा अटळ आहे हे दर्शविण्याची नागपूर परिसरातील मराठीची पद्धती. ग्रीअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात (१९०५) नागपुरीचा परामर्श वऱ्हाडीसोबत घेतला आहे (→ वऱ्हाडी बोली).

मुख्य साधन ‘च’ हे अव्यय होय. त्याचे मूळ महाराष्ट्री प्राकृतातील ‘च्चेअ’, ‘च्चिअ’ या रूपांत सापडते (→ प्राकृत भाषा). ते ज्या पदाला जोडावे त्यावर भर पडतो : ‘मलेच जावं लागते’ यात माणसावर, तर ‘मले जावंच लागते’ यात सक्तीवर. ‘महत्त्वाचे’ हा शब्द भाषणात व अर्जात आढळतो. घरीदारी ‘पायजेच’, ‘जरुरी आहे’ एवढ्यावर भागते. महत्त्व नाकारण्यासाठी ‘त्याले भाव देऊ नको’, ‘काय घेऊन बसला’ असे प्रयोग होतात. बोलचालीच्या फ्रेंचमध्येही ‘अँपोर्ताँ’ या विशेषणापेक्षा ‘इल फो’ (पाहिजे) या क्रियारचनेवर पुष्कळ काम निभते.

नागपूर १८६१ पासून मध्य प्रांताची आणि पुढे १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी होते. या दीर्घ मराठी-हिंदी द्वैभाषिक सहवासात (→ भाषासंपर्क) देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी झाली. ‘करून राहिला’ ही रचना हिंदीतून आली. उलट ‘च’ स्थानिक हिंदीत शिरला : ‘अभीच’, ‘वोइच’, ‘मेरेकोइच’. प्रमाण हिंदीत हे कार्य ‘ही’ करते. दखनीतही ‘च’ रूढ आहे (→ दखनी).