राब व शेणखत (कर्जत–खालापूर)
भातरोपांच्या जमिनीवर शेण, टहाळ व पातेरा पसरून ती भाजण्याच्या पद्धतीस राब म्हणतात. कर्जत व खालापूर (जि. रायगड) भागांत ती पूर्वापार चालत आली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात टहाळ तोडण्यावर निर्बंध आल्याने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत असंतोष माजला; मुंबई वन आयोगास (अहवाल १८८७) या प्रश्नाचा विचार करावा लागला. शेण जाळणे ही नासाडी होय, असे काही अधिकाऱ्यांचे मत होते. त्यात गुरांच्या खाद्याचा विचार मात्र अपुराच राहिला. येथील गुरे पावसाळ्यानंतर मुख्यतः भाताच्या पेंढ्यावर जगत. पेंढ्यात नायट्रोजन सु. ०·५ टक्का, सिलिका मात्र भरपूर; त्यामुळे शेणात न पचलेला तंतुमय भाग राहतो व ते सावकाश कुजते. अशा शेणात जाळून गमवावे असे मुळातच थोडे असते. उलट राबामुळे तण मरून रोपांस राख मिळते. पेंड खाऊ घातल्यास खताचा कस वाढतो खरा, परंतु वाढीव नायट्रोजन बव्हंशी मूत्रावाटे जातो व मातीच्या गोठ्यात जिरतो. तो धरून ठेवण्यास गोठ्यात पातेरा अंथरावा लागतो, आणि राबासाठी हवा असतो तोही हाच पातेरा.